बनवलेला पैलवान परत परत गायब होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी एक काम करा. आत्ता गेम चालू असेल आणि रोस्टरमध्ये, म्हणजे पैलवानांच्या यादीत, तुम्ही बनवलेला रेसलर दिसत नसेल तर काहीही सेव्ह करू नका. कार्ड फॉरमॅट करू का असं विचारलं असेल तर नो. जुन्या डेटावर नवा लिहू का विचारलं तरी नो. गेम बंद करा, मेमरी कार्डची फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा, चहा टाका आणि मग पुढचं वाचा. पैलवान दिसत नाही म्हणून घाबरून आपण जे सेव्ह मारतो ना, त्यात तो खरा जातो. त्याआधी बहुतेक वेळा तो कुठेतरी जिवंत असतो आणि परत आणता येतो, माझा आलाय, त्याचीच ही गोष्ट.

गेम कुठला ते सांगतो. स्मॅकडाऊन हिअर कम्स द पेन, २००३ चा, कव्हरवर ब्रॉक लेस्नर, प्लेस्टेशन २ वाला. माझ्याकडे ओरिजिनल डिस्क आहे, जुना पीएस२ पण आहे, पण त्याची लेन्स आता दमलीय, दहातनं सहा वेळा लाल स्क्रीन येते, म्हणून त्याच डिस्कची इमेज काढून पीसीवर पीसीएसएक्स२ मध्ये खेळतो, हा एम्युलेटर, म्हणजे पीसीवर पीएस२ चे गेम चालवणारं सॉफ्टवेअर. खाली लिहिलंय ते मुख्यतः पीसीवाल्यांसाठी, कन्सोलवाल्यांचं शेवटाकडे थोडक्यात आहे. मोबाइलवर पीएस२ चा एम्युलेटर टाकलेल्यांनी पण वाचा, दुखणं तेच, फक्त बटणं वेगळ्या जागी.

इतका जुना गेम कशाला खेळतोस असं विचारणारे पण असतात. अरे बाबा, खेळून बघा. गोल बटण आणि दिशा दाबली की आधी पकड ठरते, ताकदीची, हलकी, सबमिशनची की सिग्नेचरवाली, मग परत दिशा आणि बटण दाबलं की त्या पकडीतला डाव निघतो, म्हणजे हात आधी धरायचा आणि मग ठरवायचं काय करायचं ते, हे कुस्ती बघत मोठ्या झालेल्या माणसाला लगेच पटतं. कुठला अवयव किती दुखावलाय ते दाखवणारी आकृती यात आहे, गुडघा धरून बसला की समोरचा खरंच लंगडतो. इलिमिनेशन चेंबर या मालिकेत पहिल्यांदा यातच आला. आणि कॉमेंट्री अजिबात नाही, जी मला तरी फायद्याची बाजू वाटते कारण आमच्याकडे कॉमेंट्री माझा भाचा करतो, ती पण कबड्डीच्या मॅचसारखी, 'आणि हा घेतलाय, उचललाय, आपटलाऽऽऽ' अशी, शेजारच्या काकू भिंत ठोकेपर्यंत.

अजून एक, कोणी अपडेट सोडेल अशी वाट बघू नका. हा गेम युक्सने बनवला, टीएचक्यूने काढला, टीएचक्यू २०१३ च्या सुरुवातीला बुडाली आणि रेसलिंगची मालिका २के कडे गेली. आणि तसाही डिस्कवरच्या पीएस२ गेमला पॅच हा प्रकार नव्हता, जे काय बिघडतं ते आपल्या सेटिंगमध्ये आणि आपल्या सवयीत शोधायचं.

तर झालं काय. आम्ही लालबागला राहतो, बहिणीचा मुलगा सहावीत आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवारी रात्री जातो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला म्हटलं चल आपण खाशाबा जाधव बनवूया. आधी त्याला खाशाबा कोण ते सांगावं लागलं, १९५२, हेलसिंकी, ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस. ते ऐकून साहेब एकदम सिरियस झाले. दोन अडीच तास बसून बनवला. वजनाचा काटा जमेल तेवढा खाली ओढला, उंची कमी केली, लंगोट मिळेना म्हणून आखूड लाल ट्रंक्स, अंगावर बाकी काही नाही, पायात साधे बूट. मग डाव. ढाक कुठे मिळणार, त्याच्या जवळपास जाणारा हिप टॉस शोधला, धोबीपछाडीसाठी खांद्यावरून फेकणारा एक थ्रो लावला, फिनिशर म्हणून सुप्लेक्स. नाव इंग्रजीतच टाइप करावं लागतं, त्यावर भाच्याने नाक मुरडलं. सेव्ह केला. पहिल्याच मॅचला समोर धिप्पाड बिग शो, आणि आमचा लाल ट्रंक्सवाला त्याच्या काखेत, बघण्यासारखं दृश्य होतं.

पुढच्या शनिवारी खाशाबा नाही. रोस्टरमध्ये नावच नाही. मला वाटलं सेव्ह नीट झालं नसेल, परत बनवला, यावेळी डोळ्यांनी बघितलं, सेव्ह झाल्याचा मेसेज आला. त्या रविवारी रात्रीपर्यंत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी परत गायब. 'मामा, तू डिलीट केलास ना?' मी का डिलीट करू! तिसऱ्यांदा बनवला. तिसऱ्यांदा गायब. आता मात्र डोक्यात गेलं, एकदा चूक होते, दोनदा योगायोग म्हणू, तीनदा म्हणजे काहीतरी ठरलेलं कारण आहे.

मी पण आधी सगळे मूर्खपणे केले. एम्युलेटर काढून परत टाकला, नवीन कार्ड बनवलं आणि परत जुनं लावलं, ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन डायरेक्ट थ्रीडीचं व्हल्कन केलं, ज्याचा सेव्हशी काडीचा संबंध नाही, पण हात शांत बसत नाहीत. शेवटी धागा सापडला तो बाबांमुळे.

बाबांसाठी मी मार्चमध्ये दारासिंग बनवून ठेवलेला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंगच्या कुस्त्या बघितलेली ती पिढी, १९६८ साली इथेच मुंबईत त्याने लू थेझला हरवलं ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला एकदा होतेच. तर बाबा मागून सहज म्हणाले, 'माझा दारासिंग आहे का रे?' बघितलं तर दारासिंग जागच्या जागी. मार्चचा दारासिंग शाबूत आणि मेचा खाशाबा गायब. कार्ड खराब झालं असतं तर दोघंही गेले असते, किंवा आधी जुना गेला असता. इथे तर रोस्टर चक्क मागे गेलेलं, एप्रिलमध्ये जसं होतं तसं.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला हा विचारा की गायब कोण झालंय. फक्त नवे गेलेत आणि जुने आहेत, की सगळेच्या सगळे गेलेत, की कार्डच वाचलं जात नाहीये? तिन्ही वेगळी दुखणी आहेत, आणि लोक तिन्हीला एकच औषध लावतात, फॉरमॅट.

फक्त नवे गेले असतील तर जवळजवळ नक्की भानगड सेव्ह स्टेटची आहे. एम्युलेटरमध्ये सेव्ह दोन प्रकारचं असतं आणि दोघांची एकमेकांशी ओळख नसते. एक मेमरी कार्ड, गेमच्या आतल्या मेनूमधून होतं ते, खऱ्या पीएस२ सारखंच, फक्त ते हार्डडिस्कवर फाइल म्हणून पडलेलं असतं. दुसरं सेव्ह स्टेट, एफ१ दाबलं की होतं ते, त्यात त्या क्षणाला अख्ख्या मशीनच्या मेमरीत जे होतं ते उचलून ठेवतात, रिंग, घाम, कोणाचा किती हेल्थ, सगळं, आणि एफ३ दाबलं की तो क्षण परत. पण कार्डची फाइल त्यात नसते, ती बाहेरच राहते.

आता हिअर कम्स द पेन सुरू होताना कार्डवरनं बनवलेले रेसलर वाचतो आणि मेमरीत ठेवतो, पुढे रोस्टर दाखवताना त्या मेमरीतलंच दाखवतो. समजा एप्रिलमध्ये तुम्ही एफ१ मारलेलं. मेमध्ये खाशाबा बनवून कार्डवर सेव्ह केला. आज एफ३ दाबलं, की गेमच्या डोक्यात एप्रिल आला, एप्रिलमध्ये खाशाबा नव्हता, म्हणून दिसत नाही. कार्डावर मात्र अजून आहे! इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. पण तुम्ही दोन मॅच खेळता, पॉइंट मिळतात, मेनूत जाऊन सेव्ह करता, आणि एप्रिलचं रोस्टर मेच्या रोस्टरवर लिहिलं जातं. गेला खाशाबा. वाण्याकडे उधारीची वही असते ना, त्यात काल तुम्ही पाचशे भरून आलात, आणि आज घरच्या कोणीतरी जाऊन मागच्या महिन्याच्या आठवणीवरून जुना आकडा सांगितला आणि वाण्याने तोच वहीत चढवला, तसं. वही पण बरोबर, वाणी पण प्रामाणिक, पाचशे मात्र गेले.

एवढं कळल्यावर मी छाती ठोकून म्हणालो की मी तर एफ३ दाबतच नाही. आणि खरंच दाबत नाही. मग कोण?

त्या शनिवारी मी काही बोललो नाही, कॉटवर पेपर घेऊन मागे बसलो. भाचा खाशाबाला घेऊन लेस्नरशी खेळत होता. लेस्नरने त्याचा एफ५ नावाचा डाव मारला, खाशाबा आडवा, रेफरी वन, टू, आणि टूला या पठ्ठ्याचा डावा हात गेमपॅड सोडून कीबोर्डवर. टक. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मेसेज चमकला, स्लॉट अमुकमधून स्टेट लोड झाली, आणि मॅच परत सुरुवातीला. पोरगं हरायला लागलं की वेळ मागे नेत होतं! मी पेपर खाली ठेवला. 'हे काय रे?' 'ते... शाळेतल्या एकाने दाखवलं, एफ१ दाबून ठेवायचं आणि हरलो की एफ३.' आणि पुढे जे बोलला ते महत्त्वाचं, 'कधी कधी एफ२ लागतं चुकून.' एफ२ ने स्लॉट बदलतो. एफ१, एफ२, एफ३ शेजारी शेजारी, घाईत बोट एफ२ वर पडलं की पुढचा स्लॉट, आणि पुढच्या स्लॉटमध्ये काय होतं तर एप्रिलमधली कधीतरी टाकलेली स्टेट. ती लोड झाली की याला कळायचं पण नाही, मॅच वेगळीच दिसते म्हणून बाहेर पडायचा, मेनूत जायचा, दुसरी मॅच खेळायचा, आणि रविवारी रात्री आई बोलवायला लागली की शहाण्या मुलासारखा गेम सेव्ह करून बंद करायचा. दर रविवारी खाशाबाला स्वतःच्या हाताने पुसत होता आणि दर शनिवारी माझ्यावर आळ.

आता उपाय. क्रम पाळा.

आधी खात्री करून घ्या. एम्युलेटर पूर्ण बंद करा, गेम नव्याने सुरू करा, अगदी कंपन्यांच्या लोगोपासून, कुठलीही स्टेट लोड न करता. नवीन पीसीएसएक्स२ मध्ये बंद करताना आपोआप स्टेट ठेवायची एक सोय आहे, ती चालू असेल तर सुरू करताना तो विचारतो की मागच्या ठिकाणाहून पुढे चालू करू की नव्याने सुरू करू. इथे नव्यानेच म्हणा. बरेच जण सवयीने पुढे चालू ठेवा दाबतात आणि मग महिनोन्‌महिने गेम कार्ड नव्याने वाचतच नाही. मोबाइलवर तर हे अजून जास्त, ॲप उघडलं की लगेच रिझ्यूम समोर. नव्याने सुरू केल्यावर पैलवान दिसला तर तुमचं काही गेलेलं नाही, फक्त जुन्या स्टेटा हटवा आणि पुढे चला.

दिसला नाही तर कार्डवर जुनं लिहिलं गेलंय. तरी हातपाय गाळू नका, कारण ज्या स्टेटनी मारलं त्याच वाचवू शकतात. पैलवान असतानाच्या दिवसांतली एखादी स्टेट पडलेली असेल तर त्या स्टेटच्या मेमरीत तो आहे. सेव्ह स्टेटचा फोल्डर उघडा, नाव एसस्टेट्स, फाइल्स तारखेप्रमाणे लावा, आणि तुम्हाला आठवतंय त्या दिवसाची बघा. माझ्याकडे सातव्या स्लॉटमध्ये एक रविवार दुपारची निघाली. मग असं करायचं: कार्डच्या फाइलची कॉपी बाजूला ठेवली, गेम सुरू केला, सातवा स्लॉट लोड केला, पाच दहा सेकंद काही न करता थांबलो कारण स्टेट लोड झाली की एम्युलेटर कार्ड काढून परत घातल्यासारखं दाखवतो आणि गेमला ते ओळखायला वेळ द्यावा लागतो, मग चालू मॅच सोडून मेनूत आलो, रोस्टर बघितलं, लाल ट्रंक्स! तिथून गेमच्या मेनूमधून कार्डवर सेव्ह केलं. एम्युलेटर बंद. नव्याने सुरू. खाशाबा हजर.

यात एक गोम आहे. त्या स्टेटनंतर तुम्ही जे काही बनवलं किंवा कमावलं असेल ते या सेव्हमुळे पुसलं जाणार, कारण अख्खं रोस्टर त्या दिवसाचं लिहिलं जातं. माझं त्यात भाच्याने बनवलेला एक हिरव्या केसांचा प्राणी गेला, त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही.

मग परत होऊ नये म्हणून. बंद करताना आपोआप स्टेट ठेवायची सोय बंद केली. जुन्या सगळ्या स्टेटा एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या, डिलीट नाही केल्या, कधी लागतील सांगता येत नाही. हॉटकीच्या सेटिंगमध्ये जाऊन लोड स्टेट एफ३ वरून काढून अशा जोडबटणांवर टाकलं की पॅड सोडून दोन्ही हात लावल्याशिवाय दाबलं जाणार नाही. स्लॉट बदलायचं बटण तर काढूनच टाकलं, एकच स्लॉट बास. आणि नियम केला की स्टेट वापरायचीच असेल तर त्याच बैठकीत वापरायची, आज टाकलेली आज, कालची स्टेट आज लोड करायची नाही. नियम भाच्यासाठी आहे असं मी म्हणतो, पण लेस्नरसमोर मलाही मोह होतोच.

आणि कार्डची कॉपी. पीसीएसएक्स२ मध्ये कार्ड म्हणजे मेमकार्ड्स फोल्डरमधली एमसीडी००१ नावाची फाइल, खऱ्या कार्डसारखीच आठ एमबीची, व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो. रविवारी खेळ संपला की ती कॉपी करायची, नावात तारीख टाकायची. दहा सेकंदांचं काम.

हे झालं फक्त नवे गेले तर. सगळेच्या सगळे गायब, रोस्टर एकदम कोरं, तर स्टेटच्या मागे लागू नका, तुमचा गेम दुसरंच कार्ड बघतोय. एम्युलेटरचं नवीन व्हर्जन टाकलं का अलीकडे? झिप उघडून नव्या फोल्डरमध्ये टाकलं की तिथे तो नवीन कोरं कार्ड बनवतो, जुनं कार्ड जुन्या फोल्डरमध्ये किंवा डॉक्युमेंट्समध्ये पडून असतं. अख्ख्या पीसीवर एमसीडी००१ नाव टाकून सर्च मारा, दोन तीन निघतील, शेवटचा बदल कुठल्या तारखेला झालाय ते बघा, आपली कुठली ते लगेच कळतं. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या पीसीवर चार निघाल्या. डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडवर सिंक होत असेल आणि घरी दोन मशीन असतील तर अजून एक मजा, लॅपटॉपवरचं जुनं कार्ड डेस्कटॉपवरच्या नव्यावर येऊन बसू शकतं. कार्ड ठेवा सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्ये, कॉपी खुशाल क्लाउडवर ठेवा.

डिस्क बदललीय का ते पण बघा. आपल्याकडे मिळायची ती पाल डिस्क, कोणी नातेवाईक अमेरिकेतून घेऊन आला असेल तर ती एनटीएससी, ही दोन टीव्हीच्या सिग्नलच्या वेगवेगळ्या पद्धतींची नावं. पाल डिस्कचा नंबर एसएलईएस ने सुरू होतो, अमेरिकनचा एसएलयूएस ने, आणि दोघांचं सेव्ह वेगळ्या नावाने कार्डवर पडतं. एकाचं सेव्ह दुसऱ्याला दिसत नाही. कार्ड उघडून बघितलं तर सेव्ह आहे आणि गेम म्हणतोय डेटाच नाही, असं असेल तर नव्वद टक्के हेच समजा.

याच्यावरनं आठवलं, बरेच जण विचारतात गेम स्लो चालतो, त्यातलं निम्मं दुखणं पण पालचं आहे. पाल सेकंदाला ५० फ्रेमवर चालतो, एनटीएससी जवळपास ६० वर. कोपऱ्यात ५० आकडा बघून लोक सेटिंग उलटीपालटी करतात. फ्रेमचा आकडा बघू नका, वेगाचे टक्के बघा, टक्के १०० असतील तर गेम बरोबर चाललाय, पाल तसाच असतो. टक्के खरंच ७०-८० वर येत असतील आणि ते पण फक्त रॉयल रंबल किंवा चेंबरमध्ये रिंगमध्ये गर्दी झाल्यावर, तर प्रोसेसर दमतोय, रिझोल्यूशन कमी करून फारसा फरक पडणार नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर सेव्हिंगमधून बाहेर काढा, बॅटरीवर तो स्वतःला आवरून चालतो. एन्ट्रन्सलाच अडकत असेल तर मात्र ग्राफिक्स, तिथे रिझोल्यूशन नेटिव्हच्या दुप्पट तिप्पट वगैरे ठेवलं असेल ते खाली आणा. बास, स्लोचं एवढंच, मूळ विषयाकडे येतो.

तिसरं दुखणं, कार्डच वाचलं जात नाही, गेम म्हणतो फॉरमॅट केलेलं नाही, करू का. हे माझ्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला झालेलं, तो सोमवार मुंबईकरांना आठवत असेल, सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी. मी वर्क फ्रॉम होमच्या नावाखाली सीझन खेळत होतो, नेमकं सेव्ह चालू, स्क्रीनवर मोठ्या अक्षरात की कार्ड काढू नका, पॉवर बंद करू नका. मी कुठे बंद केली! यूपीएस नव्हता. वीज आली तेव्हा फाइल अर्धवट. तेव्हा मी यस दाबलं आणि चार महिन्यांचा सीझन गेला, तुम्ही दाबू नका. फाइल आधी कॉपी करा, मग जुनी बॅकअप असेल तर ती त्या जागी टाका, आणि स्टेट असेल तर वरचीच युक्ती, फक्त नवीन फॉरमॅट केलेलं कार्ड लावून. दोन्ही नसेल तर मग खरंच काही होत नाही, परत बनवायला बसा. मी त्यानंतर छोटा यूपीएस घेतला, पाच मिनिटं टिकतो, सेव्ह व्हायला तेवढी पुष्कळ.

कन्सोलवाल्यांनो, तुमच्याकडे स्टेट नाही म्हणजे हे वेळ मागे जायचं दुखणं पण नाही. तुमचा पैलवान गेला तर कार्ड किंवा त्याचा स्लॉट. डिस्क न घालता पीएस२ चालू करा, त्याच्याच मेनूतल्या ब्राउझरमध्ये जा, कार्ड उघडा. कधी दिसतं कधी नाही असं असेल तर टोकाचे धातूचे पॉइंट काळे पडलेत, आपल्याकडच्या पावसाळ्यात ते होतंच, कपाटात डांबरगोळीशेजारी ठेवलेलं असलं तरी. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका, फुंकरीत थुंकी असते. दुसरं, सोनीचं पीएस२ चं कार्ड आठ एमबीचं. बाजारात बिननावाची मोठ्या मोठ्या आकड्यांची कार्डं मिळायची, मी पण लॅमिंग्टन रोडवरून एक ६४ एमबीचं घेतलेलं, दुकानदार म्हणाला ओरिजिनलपेक्षा भारी, दोन महिने भारी चाललं. अशा कार्डावर एकुलतं एक सेव्ह ठेवू नका, ब्राउझरमधूनच दुसऱ्या कार्डवर कॉपी करता येतं. आणि सेव्हची तारीख बघून काही ठरवणार असाल तर आधी कन्सोलचं घड्याळ बघा, जुन्या जाड मॉडेलमध्ये घड्याळाला नाण्यासारखी बॅटरी असते, ती मेली की तारखा भलत्याच पडतात. तारखांचा आणि रेसलिंग गेमचा तसाही छत्तीसचा आकडा, डब्ल्यूडब्ल्यूई २के२० तर १ जानेवारी २०२० उजाडला तसा लोकांकडे चालूच होईना, लोकांनी कन्सोलची तारीख मागे नेऊन खेळला आणि मग पॅच आला.

अजूनही अडलं तर खाली विचारा, पण 'गेम सेव्ह होत नाही भावा हेल्प' एवढंच टाकू नका, त्यावरनं डॉक्टरला पण काही कळणार नाही. गायब कोण झालं, नवे की सगळे, ते लिहा. पीसी, मोबाइल की कन्सोल. नव्याने सुरू केल्यावर दिसतो का. कार्डच्या फाइलची तारीख काय. आणि घरात अजून कोण खेळतं, हे तर नक्कीच लिहा.

आमच्याकडे आता सहा शनिवार झाले, खाशाबा आहे, दारासिंग आहे. मागच्या आठवड्यात एफ३ चालत नाही म्हटल्यावर भाचा लेस्नरकडून सलग चार वेळा हरला, पाचव्यांदा कसाबसा जिंकला, मग वळून मला म्हणाला, 'मामा, आता एफ१ कुठेय ते तरी सांग, हे तरी ठेवतो.'